दोन विश्वकर्मा, एक खिडकी

चंडीगडच्या इंडस्ट्रियल एरिया फेज दोनमधल्या एका कारखान्यात ट्रॅक्टरचे गिअर बनतात. गिअर बनवायला जे जे हत्यार लागतं, ते सुलोचनाबाई चौगुल्यांच्या खिडकीतून मिळतं. खिडकी ठेंगणी आहे. उंच माणसाला वाकावं लागतं, आणि पंजाबात उंच माणसांना तोटा नाही.

"भैणजी, बारा नंबरचं ड्रिल."

"बिल्ला?"

"अहो, मला ओळखत नाही का?"

"चेहरा खिळ्यावर टांगता येत नाही. बिल्ला द्या."

प्रत्येक कामगाराकडं त्याच्या नंबराचा पितळी बिल्ला असतो. बिल्ला द्यायचा, हत्यार न्यायचं. हत्यार गेलं की त्याच्या जागी बाई बिल्ला अडकवतात आणि हत्यार परत आलं की बिल्ला परत करतात. आतल्या फळीकडं एकदा पाहिलं की आज कोण कशावर काम करतंय ते कळतं. कारखान्यातलं सगळं बोलणं हिंदी-पंजाबीत चालतं. बाईंच्या हिंदीला कोल्हापूरचा ठसका आहे, तो इतक्या वर्षांत गेलेला नाही आणि आता कुणाला खटकतही नाही.

त्या कोल्हापूरच्या. वडील उद्यमनगरात लेथवर होते, नवरा विजयकुमार फोर्जिंगचा, म्हणजे तापल्या लोखंडावर हॅमर चालवणारा. लग्नानंतर वर्षभरातच विजयकुमारांना चंडीगडहून बोलावणं आलं. दीर म्हणाले, "कोल्हापुरात लोखंड संपलं काय?" विजयकुमार म्हणाले, "तिकडं जास्त तापतंय." त्या हॅमरनं पुढं त्यांचे कान नेले. कंपनीनं कान परत दिले नाहीत, पण बायकोला टूल रूममध्ये नोकरी दिली. सुरुवातीला काही जण बाईच्या हातून हत्यार घ्यायला बिचकायचे. बाईंनी त्यांना समजावलं वगैरे नाही. त्या बिल्ला मागत राहिल्या.

कारखान्यात माणसं दोन प्रकारची. कायम कामगार बहुतेक पंजाबी, थोडे हिमाचली. त्यांची जुनी युनियन आहे, लाल झेंडा आहे, गेटजवळ पत्र्याची एक खोली आहे. दुसरे कंत्राटी, पूर्व उत्तर प्रदेशचे आणि बिहारचे. त्यांना ठेकेदार आणतो. ते पहिल्यांदा आले तेव्हा युनियनचा संप चालू होता. पुढच्या गेटवर पंजाबी घोषणा देत बसले होते आणि कंपनीनं मागच्या गेटनं या लोकांना आत घेतलं. संप मोडला. त्या पहिल्या तुकडीतला आज एकही माणूस कारखान्यात नाही. पण नव्यानं आलेल्या बिहारी कामगारालाही पंजाब्यांकडून ऐकावं लागतं, "मागच्या गेटचा का तू?"

सुलोचनाबाई यातल्या कुणाच्याच नाहीत. पंजाबी त्यांना भैणजी म्हणतात, बिहारी चाची. भांडण झालं की दोघंही खिडकीशी येऊन आपापली बाजू सांगतात. कारण सगळ्यांना टूल रूममध्ये यावंच लागतं आणि बाई कुठं जात नाहीत.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये भांडण निघालं ते विश्वकर्म्यावरून.

हत्यारांची पूजा पंजाबी लोक दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी करतात. त्या दिवशी कायम कामगारांना भरपगारी सुट्टी असते, युनियननं फार पूर्वी मिळवलेली. बिहारी लोकांची विश्वकर्मा पूजा सतरा सप्टेंबरला असते. त्यांना त्या दिवशी सुट्टी नव्हती. हरिकिशुन नावाचा लेथवाला या कंत्राटी लोकांचा म्होरक्या. शांत माणूस, पान खाणारा, बोलताना हात पुसत राहणारा. त्यानं त्या वर्षी साहेबांकडं सुट्टी मागितली.

पर्सोनेल मॅनेजर सभरवाल साहेबांनी दोन दिवसांत उत्तर दिलं. उत्तर त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते फलकावर लावलं. एक कारखाना, एक विश्वकर्मा, एक सुट्टी. दिवस कामगारांनी मिळून ठरवावा. एकमत झालं नाही तर एकही सुट्टी नाही.

युनियनचा प्रधान, म्हणजे अध्यक्ष, गुरमेल सिंग खिडकीत वाकला.

"भैणजी, यांना सांगा. बाबा विश्वकर्मा दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी. माझ्या आज्यापासून."

हरिकिशुन बाजूलाच उभा होता. "प्रधानजी, भगवानाचा जन्मदिवस सतरा सप्टेंबरला असतो."

"आधार कार्ड आहे का त्याचं?"

"तुमच्याकडं आहे का?"

"आमच्याकडं सुट्टी आहे."

"होती," सुलोचनाबाई म्हणाल्या. "आता दोघांकडंही नाही. ड्रिल कुणाला पाहिजे?"

त्या संध्याकाळी मनीमाजरा भागातल्या चौगुल्यांच्या घरी हीच गोष्ट जेवताना निघाली. दोन खोल्या, खाली चपलांचं दुकान, जिन्यात मागच्या पावसाची ओल. मुलगी कादंबरी सेक्टर चौतीसमध्ये एका कोचिंग क्लासात इतिहास शिकवते. ती जेवता जेवता दुसऱ्या दिवशीचा तास वाचत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण ती बोलते हिंदी.

"काय वाचतीस?"

"ऑटोमन एम्पायर, मम्मी. मजदूर आंदोलन."

"तिकडंबी होतं व्हय?"

कादंबरीनं वही मिटली. शिकवायची सवय, विचारल्यावर तिला राहवत नाही. सलोनिका नावाचं बंदर होतं, तिनं सांगितलं. तंबाखूचे कारखाने, गोदी. कामगार ज्यू, बल्गेरियन, ग्रीक, तुर्क. शंभरेक वर्षांपूर्वी तिथं एक कामगार संघटना निघाली, तिनं आपला पेपर चार भाषांत छापला.

"चार भाषा जमल्या," सुलोचनाबाई म्हणाल्या. "सुट्टी कुठल्या वारी घ्यायचे?"

"ज्यू शनिवारी. मुसलमानांचा शुक्रवार. बाकीचे संडे."

"मग शनवारी कारखाना?"

"पोर्ट तो शनिवार को बंद ही रहता था. ज्यू ज्यादा थे."

"आणि जिथं ज्यू जास्ती न्हाईत तिथं? एकमेकाची कामं करायचे काय ते?"

"वो सिलॅबस में नहीं है, मम्मी."

विजयकुमारांना एवढंच ऐकू आलं की कुठंतरी शनिवारी बंद असतं. ते मोठ्यानं म्हणाले, "शनवारी भाजी मंडई चालू असती! मी गेलतो!"

"पुढं काय झालं त्या लोकांचं?" बाईंनी विचारलं.

"एम्पायर ही नहीं रहा. लढाया झाल्या. आप पापड़ लो."

बाईंनी पापड घेतला. पण एकमेकाची कामं करायची ही गोष्ट त्यांच्या डोक्यात राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघांना खिडकीशी उभं केलं. सतरा सप्टेंबरला हरिकिशुनच्या लोकांनी सकाळी येऊन पूजा करायची आणि घरी जायचं. त्यांची मशीनं गुरमेलच्या लोकांनी चालवायची. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी उलट. कारखाना दोन्ही दिवस चालू, सुट्टी दोघांना, पगार दोघांना.

गुरमेल सिंगनं दाढी खाजवली. "म्हणजे आम्ही मागच्या गेटवाल्यांची कामं करायची."

"आणि त्यांनी तुमची."

"हे साहेब मानणार नाहीत."

साहेबांनी पाच मिनिटांत मानलं. मालाची मोठी ऑर्डर होती, त्यांना दोन्ही दिवस मशीनं फिरताना हवी होती. कागद तयार झाला. गुरमेलनं सही केली. हरिकिशुननं पेन घेतलं तेव्हा साहेबांनी त्याच्या पुढून कागद ओढला. ठेकेदाराच्या माणसाची सही कंपनी घेत नाही. घेतली तर तो कंपनीचा माणूस ठरतो. त्याच्या जागी सुलोचनाबाईंनी सही केली.

"ही तुमची योजना," साहेब त्यांना म्हणाले. "सतरा तारखेला उत्पादन थांबलं तर करार संपला. आणि ज्यांच्या पूजेपायी थांबलं ते लोक मला नकोत. ठेकेदाराला एक फोन लागतो."

हरिकिशुन हात पुसत उभा होता. एक फोन लागतो हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

सतरा सप्टेंबरला कंत्राटी लोक पहाटेच आले. सगळी मशीनं धुतली, पुसली, तेल लावलं. लेथला, ड्रिलिंगला, शेपिंगला शेंदूर, झेंडूच्या माळा, अगरबत्त्या. मधल्या खांबाला विश्वकर्म्याचा फोटो टांगला. बुंदी वाटली. पहिला भोंगा झाला तसे ते नवे शर्ट सावरत गेटबाहेर पडले. काही जणांनी गेटबाहेर फोटो काढून गावाला पाठवले.

गुरमेल सिंग आणि त्याची माणसं आली. बिल्ले दिले, हत्यारं घेतली. बाईंनी फळीवर बिल्ले टांगले आणि चहा ओतला.

गुरमेलच्या वाट्याला हरिकिशुनचा लेथ होता. तो लेथपुढं उभा राहिला. माळ लेथच्या डोक्यावरून चकवर, म्हणजे लोखंड धरून फिरणाऱ्या जबड्यावर, आली होती, चकच्या तोंडाशी शेंदूर. मशीन चालू करायचं तर आधी माळ काढायला हवी.

"प्रधानजी, काढा की."

"तू काढ."

"माझं मशीन नाही."

"माझं आहे का?"

खांबावरच्या फोटोकडं एकानं बोट दाखवलं. हत्तीवर बसलेला, काळ्या मिशांचा तरणा देव. "हा आपला बाबा नाही. आपल्या बाबाला पांढरी दाढी असते."

गुरमेलनं फोटोकडं पाहिलं. "तरुणपणचा असेल."

कुणीतरी हसलं. मग हसणं थांबलं. गुरमेलनं पगडीवरून हात फिरवला, वाकून चकला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि तो टूल रूमकडं चालू लागला.

"भैणजी, बिल्ला द्या."

"हत्यार वापरलं कुठं?"

"नाही वापरणार. पूजेला बसलेलं मशीन आहे."

"तुमी सही केलीय, प्रधानजी."

"माणसांची अदलाबदल केली. मशीनची कुठं केली?"

सुलोचनाबाईंचा कप हातातच राहिला. खंडेनवमीला उद्यमनगरात वडील सगळी हत्यारं पाटावर मांडायचे. त्या दिवशी सायकलची चेन उतरली तरी कुणी पान्ह्याला हात लावायचं नाही, पायी जायचं. लहानपणापासून त्यांना हे ठाऊक होतं. त्या दिवशी सुट्टी हत्याराला असते, माणसाला नुसती बरोबरीनं मिळते. सही करताना त्यांनी माणसं मोजली, मशीनं मोजली, आणि नेमकं हेच त्यांच्या डोक्यात आलं नाही.

"करार मोडला म्हणून हरिकिशुनची माणसं जातील," त्या म्हणाल्या.

"मग मी काय करू? माळ तोडू?"

"तोडा म्हणते का मी?"

"द्या बिल्ला."

त्यांनी बिल्ला दिला. गुरमेलच्या मागं रांग लागली होती. एकेकानं हत्यार खिडकीत ठेवलं, बिल्ला घेतला. एक तरुण मुलगा फक्त म्हणाला, "आंटीजी, सॉरी." शेवटचा बिल्ला गेला तेव्हा फळीवर एकही उरला नव्हता. बाईंनी खिडकीचं पत्र्याचं दार खाली ओढलं.

सभरवाल साहेब आले तेव्हा कारखान्यात अगरबत्तीचा वास होता आणि आवाज नव्हता. कायम कामगार मशीनपाशी हात बांधून उभे होते.

"काय चाललंय?"

साहेब गुरमेलपुढं जाऊन उभे राहिले.

"प्रधान, हा संप आहे का? लेखी द्या, संप आहे म्हणून. मग पुढचं मी बघतो."

गुरमेल सिंगनं मान खाली घातली. संप म्हटलं तर विनानोटीस संप, युनियनच बुडते. संप नाही म्हटलं तर काय म्हणायचं, ते त्याला सुचेना. त्याला खोटं बोलता येत नाही. त्याची बायको सगळ्यांना हे सांगते, आणि ती ते कौतुकानं सांगत नाही.

"ठीक आहे." साहेबांनी मोबाइल काढला. "ज्यांच्या माळा, त्यांची चूक. ठेकेदाराला सांगतो, उद्यापासून दुसरी माणसं पाठव."

"साहेब," टूल रूमकडून आवाज आला. "खिडकी बंद होती."

सगळे वळले. सुलोचनाबाई दारात उभ्या होत्या.

"काय?"

"खिडकी मी उघडलीच नाही. हत्यार मिळालं नाही तर ही लोकं काय करणार? आमच्यात आज हत्यारांची पूजा असते. आज हत्यार हलवत नाही आम्ही."

साहेब टूल रूममध्ये शिरले. फळी पाहिली. एकही बिल्ला टांगलेला नव्हता. कॅमेरे कारखान्यात होते, पण ते गेटवर आणि माल बाहेर जातो तिथं. चोरी तिथूनच होते असा कंपनीचा अनुभव होता.

"आमच्यात म्हणजे?"

"मराठी लोकांत."

"इतकी वर्षं नव्हती ही पूजा?"

"इतकी वर्षं कुणाचीच नव्हती सतरा तारखेला. यंदा सगळ्यांची बघून मलाबी वाटलं."

साहेबांनी थोडा विचार केला. मग त्यांनी मोहालीला फोन लावला. हजेरीचं मशीन बसवणाऱ्या कंपनीत अंबरीश नावाचा एक मराठी इंजिनिअर होता, नाशिकचा. साहेबांनी फोन स्पीकरवर टाकला.

"अंबरीश, तुम महाराष्ट्र से हो ना? आज तुम्हारे यहाँ औज़ारों की पूजा होती है?"

पलीकडं कीबोर्डचा आवाज थांबला. "आज? होगी, सर. हमारे यहाँ कुछ ना कुछ चलता ही रहता है."

"पक्का बताओ. चौगुलेजी यहीं खड़ी हैं."

"काकू? नमस्कार, काकू!" अंबरीश खुशीत मराठीत शिरला. "अहो, काय चाललंय? सध्या पंधरवडा चालू आहे ना? आईनं मला साधा मोबाइल घेऊ दिला नाही, आणि पूजा कसली?"

सुलोचनाबाईंनी आवाजात साखर घातली. "बाळा, खंडेनवमीला अजून अवकाश हाय, मलाबी ठाऊक हाय. तू नुस्तं व्हय म्हण आणि गप बस. हितं माणसांची पोटं अडकल्यात."

स्पीकरमध्ये खुर्ची करकरली.

"क्या कह रही हैं?" साहेबांनी विचारलं.

"सर... पूजा की विधि समझा रही हैं. मैं भूल गया था. पक्का आज ही है, सर. बड़ी पूजा है."

साहेबांनी मोबाइल खिशात ठेवला. त्यांचा विश्वास बसला होता असं नाही. पण त्यांना आता एक नाव मिळालं होतं, आणि कागदावर संपापेक्षा एक नाव सोपं जातं.

"चार्जशीट मिळेल तुम्हाला, बहनजी. चौकशी होईल. आणि चौकशीत जर निघालं की खिडकी उघडी होती, तर ठेकेदाराचा फोन मी तेव्हा करीन. नंबर सेव्ह आहे."

चार्जशीट आली, निलंबनही आलं. विजयकुमारांना ते लिहून दाखवावं लागलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"सस्पेंड म्हंजे घरीच की!"

"घरीच."

"पगार?"

"अर्धा."

"आणि पितृपक्षात कसली गं पूजा सांगितलीस त्यास्नी?"

"तुमी हळू बोला. जिन्यापर्यंत जातंय."

जिन्यात गुरमेल सिंग उभा होता. हातात सफरचंदांची पिशवी. तो आत आला, खुर्चीत मावेल तसा बसला.

"भैणजी, चौकशीला सोबत एक माणूस नेता येतो. मदतनीस. मी येतो तुमच्या बाजूनं."

"तुमी नको."

"का?"

"तुमाला विचारतील, त्या सकाळी तुमी काय केलंत. काय सांगणार?"

गुरमेलनं पगडी सारखी केली.

"बघा. आत्ताच तुमचं तोंड लाल झालंय."

"मग दुसरा कुणी. आपल्यातला."

"तुमच्यातला जो येईल तो त्या सकाळी रांगेत होता. मला असा माणूस पाहिजे, जो तिथं नव्हताच. कितीबी उलटतपासणी करू द्या, त्याला काही ठाऊकच नाही."

गुरमेलला कळायला वेळ लागला नाही. त्यानं सफरचंदांची पिशवी उगाच या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

"हरिकिशुन."

"व्हय."

"तो मदतनीस होऊ शकत नाही. कंपनीचा नियम आहे, मदतनीस युनियनचा सभासद पाहिजे. तो सभासद नाही."

"मग करा."

"भैणजी! ते लोक..." त्यानं विजयकुमारांकडं पाहिलं, मग आवाज खाली आणला, जे अनावश्यक होतं. "तुम्हाला माहिती आहे ते कसे आले."

"हरिकिशुन तवा किती वर्षांचा होता?"

"प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही."

"तुमी मशीनला हात नाही लावला तो कुणाच्या? त्याच्याच ना?"

"तो बाबाचा मान होता."

"बाबाचा मान ठेवलात, आता माणसाची पावती फाडा. न्हाईतर मी एकटी जाते, आणि सभरवालनं दोनदा विचारलं की मी काय सांगीन ते माझं मलाच ठाऊक न्हाई. माझं वय झालंय."

विजयकुमारांनी इतका वेळ ओठ वाचायचा प्रयत्न केला होता. "काय म्हणतोय ह्यो?"

"पावती फाडत न्हाई म्हणतोय!"

"कसली पावती? सफरचंदाची?"

गुरमेल सिंग हसला नाही, पण उठताना त्यानं विजयकुमारांच्या खांद्यावर हात ठेवला. दोन दिवसांनी युनियनच्या पत्र्याच्या खोलीत बैठक झाली. आतून बराच आरडाओरडा ऐकू येत होता. मागच्या गेटची गोष्ट पुन्हा सांगितली गेली, त्या संपात कुणाचं काय गेलं तेही. एका म्हाताऱ्या हिमाचली फिटरनं पावतीपुस्तकावर हातच ठेवला आणि तो काढेना. शेवटी गुरमेल म्हणाला, "चाचा, पावती नाही फाडली तर बाई जातील आणि तेही जातील. मग आपण कुणाच्या माळेला हात लावला नाही ते सांगत बसू." म्हाताऱ्यानं हात काढला, पण सहमतीनं नव्हे. त्याला सिगारेट पेटवायची होती.

हरिकिशुनला पावती मिळाली. तो ती घडी करून पाकिटात ठेवणार होता, गुरमेलनं त्याला सांगितलं की चौकशीला ती दाखवावी लागेल, पानाचा डाग पडू देऊ नको.

चौकशी एका बाहेरून आणलेल्या वकिलापुढं झाली. हरिकिशुन सुलोचनाबाईंच्या शेजारी बसला. सभरवाल साहेबांनी त्याला पाहिलं आणि हातातली फाइल मिटली.

"हा कंपनीचा कामगार नाही," ते म्हणाले.

"मी युनियनचा सभासद आहे," हरिकिशुन म्हणाला, आणि पावती पुढं केली. वकिलानं नियम पाहिला. नियमात युनियनचा सभासद एवढंच होतं. ज्यांनी नियम लिहिला त्यांना हा प्रसंग सुचला नसावा.

"सतरा तारखेला टूल रूमची खिडकी उघडी होती का बंद?"

"मी नव्हतो, साहेब. आम्हाला सुट्टी होती. कागदावर आहे."

"तुमच्या लोकांपैकी कुणी होतं?"

"सगळ्यांनाच सुट्टी होती."

"मग तुम्ही इथं कशाला आलात?"

हरिकिशुननं हात पुसले. "चाचींना मदत करायला."

सुलोचनाबाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं, खिडकी बंद होती. त्यांनी ते तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा सारखंच. वकिलानं गुरमेल सिंगला साक्षीला बोलवायचं का विचारलं. साहेबांनी बाहेर बाकावर बसलेल्या गुरमेलकडं दारातून पाहिलं. युनियनच्या प्रधानानं भर चौकशीत संपाची कबुली दिली, तर वर मालकांना काय सांगायचं हा प्रश्न त्यांच्यापुढंही होता. "गरज नाही," ते म्हणाले.

आरोप सिद्ध झाला, कारण तो बाईंनी नाकारलाच नव्हता. टूल रूममधून त्यांची बदली पॅकिंगला झाली. करार रद्द झाला, तो त्या दिवशीच झाला होता. ठेकेदाराला फोन गेला नाही. टूल रूममध्ये आता एक कपाट आलं आहे, बोटाचा ठसा घेऊन हत्यार देणारं. ते कुणाशी बोलत नाही.

पॅकिंगमध्ये सुलोचनाबाई गिअरला तेलकट कागद गुंडाळतात. बाजूच्या बायका बिहारी आहेत, त्यांच्याशी त्यांचं लगेच जमलं. निवृत्तीला थोडे महिने उरलेत.

बदलीनंतरच्या पहिल्या पगाराच्या दिवशी त्या घरी निघाल्या तर युनियनच्या खोलीपुढं गर्दी होती. सगळे कंत्राटी. रांग गेटपर्यंत गेलेली. आत टेबलाशी गुरमेल सिंग बसलेला, समोर हरिकिशुन उभा.

"प्रधानजी, हे म्हणतात, मी सभासद तर ते का नाही."

"मी तुला एका कामासाठी केलं होतं!"

"काम झालं. मला काढता का मग?"

"मी असं म्हटलं का?"

गुरमेलला खिडकीबाहेर सुलोचनाबाई दिसल्या. तो बसल्या जागेवरून ओरडला, "भैणजी! तुम्हाला हे आधीच माहीत होतं?"

"मला मदतनीस पाहिजे होता," त्या म्हणाल्या. "तुमी या दिवाळीचं काय ठरवलं?"

"या दिवाळीचं? साहेब म्हणतात कारखाना चालू. आमची माणसं येणार नाहीत. मशीनं यांनी चालवावी असं साहेबांचं म्हणणं."

गुरमेलनं हरिकिशुनकडं पाहिलं. हरिकिशुननं मागं रांगेकडं पाहिलं. रांगेतल्या एकानं विचारलं, "त्या दिवशी मशीनला माळा असणार का?"

"असणार म्हणजे काय!" म्हातारा फिटर कोपऱ्यातून म्हणाला. "आमचा बाबा आहे तो."

"मग कोण हात लावणार?" रांगेतला माणूस म्हणाला. त्याला ही गोष्ट इतकी उघड वाटत होती की तो चिडला होता. "पावती फाडा ना, प्रधानजी. माझी बस जाते."

गुरमेल सिंगनं पावतीपुस्तक पुढं ओढलं आणि पेनाचं टोपण दातांनी काढलं. सुलोचनाबाई ऑटो पकडायला निघाल्या.